बिनकुंकवाचे संगणक

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागते. लिहिण्याचा मला अधिकार आहे असे कधी वाटले नाही, आजही वाटत नाही. खामगावातल्या एका महाविद्यालयात माझी सारी नोकरी ग्रंथपाल म्हणून गेली. इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांना क्रमांक द्यायचे, त्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवायच्या, वाळवीपासून त्यांना जपायचे, एवढेच माझे साहित्याशी नाते. एम. ए.ला असताना एका प्राध्यापकांनी माझ्या निबंधावर शेरा दिला होता : ‘भाषा शुद्ध आहे, म्हणणे दिसत नाही.’ तो मी इतका मनावर घेतला की त्यानंतर अर्जांशिवाय काही लिहिले नाही. आता साठी उलटल्यावर लिहायला बसले आहे, तेही एका अर्जामुळेच. तो मी वेळेवर दिला नाही. त्याची हकिकत सांगताना माझी वाक्ये फार नेटकी झाली, तर वाचकांनी तो गुण समजू नये.

महाविद्यालयात संगणक कक्ष सुरू झाला तेव्हा त्याचा प्रभार माझ्याकडे आला. मला त्यातले काही कळत होते म्हणून नव्हे. ग्रंथालयाला लागून एक लांबट खोली रिकामी होती आणि तिची किल्ली माझ्या जुडग्यात होती, म्हणून. पहिल्या खेपेला पंधरा संगणक आले. ते पांढुरक्या रंगाचे होते आणि मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतलेले होते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीइतकाही दोष नाही. संगणकांबरोबर एक प्रयोगशाळा सहायकही नेमले गेले. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची; दर जूनमध्ये नवे पत्र. तिशीच्या आतबाहेरचे, जवळच्या खेड्यातून मोटरसायकलने येणारे, कमी बोलणारे गृहस्थ. ते मुसलमान होते. सगळे त्यांना भाई म्हणत. मीही भाईच म्हणे. मला माऊस धरायला त्यांनी शिकवले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने तो मुठीत आवळून धरला आहे हे पाहून ते म्हणाले होते, “चावत नाही मॅडम तो. हात सैल सोडा.” त्यांना मी हसताना पाहिले ते बहुधा तेवढेच.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा करण्याची रीत आहे. दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून आदल्या दिवशीच कार्यालयातला टंकलेखन यंत्राचा सांगाडा, पाण्याची मोटर, प्रयोगशाळेतले तराजू, सगळ्यांना हळदकुंकू लागे आणि झेंडूचे फूल वाहिले जाई. हे काम शिपाईमामांचे. त्या वर्षी मामा तबक घेऊन संगणक कक्षात आले आणि दारातच थबकले. कारण प्रत्येक कळफलकावर वर्तमानपत्राचा एकेक कागद नीट पसरून ठेवलेला होता.

“हे काय करून ठेवलं भाई?”

“मामा, हळद कळांमध्ये गेली तर मले नंतर ब्रशनं काढत बसावं लागते. तुम्ही वरतून लावा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर लावा, दिसते पण अन् पुसता पण येते.”

“पुसाचं नसते ना बाप्पा ते!”

“बरं, नाही पुसत.”

मामांनी पंधरा स्वस्तिके काढली. भाईंच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हरचा एक पत्र्याचा डबा उघडा होता. मामांनी विचारले, “ह्याले?” भाई म्हणाले, “औजारच आहे ना ते.” मामांनी डब्याच्या झाकणाला कुंकवाचे बोट टेकवले. नारळाचा तुकडा भाईंनी रुमालात बांधून घरी नेला. यात कोणाला काही विशेष वाटले नाही. मलाही वाटले नाही. त्या दिवसाची आठवण इतकी बारकाईने राहिली, ती पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीमुळे.

दुसरी खेप थंडीत आली. तेही पंधरा संगणक, पण दुसऱ्या कंपनीचे आणि काळे. निविदा मागवल्या होत्या. ज्या दुकानाचा भाव कमी त्याला काम मिळाले. ते दुकान मशिदीच्या बाजूच्या रस्त्यावर होते आणि मालक मुसलमान होते. काळे संगणक पश्चिमेच्या भिंतीला लागले. त्या भिंतीवर त्यांच्यासाठी नवी वायरिंग केली, वीज गेल्यावर लागणारी बॅटरीही तिथेच बसवली आणि म्हणून भाईंचे टेबलही तिथेच सरकले. पूर्वेच्या भिंतीवर पांढऱ्या संगणकांच्या कोपऱ्यांत मामांची स्वस्तिके होती. पश्चिमेला नव्हती, कारण दसरा होऊन गेला होता. कारण एवढेच होते. पण जे कारण इतके साधे असते ते कोणी शोधत नाही.

महिनाभरात मुलांच्या तोंडी ‘कुंकवाच्या मशीनी’ आणि ‘बिनकुंकवाच्या मशीनी’ असे शब्द बसले. मी ग्रंथालयाच्या दारातून ऐकत असे.

“तू काऊन तिकडं बसून राह्यला बे? धर्म बदलला काय?”

“इकडची खाली नाही ना यार.”

“मंग उभा राय. त्या मशीनी लय तापतात. भडक असतात त्या.”

काळ्या रंगाचा संगणक उन्हाच्या खिडकीजवळ ठेवला तर तापणारच. पण शिक्षकांच्या खोलीत एक प्राध्यापक म्हणाले, “तापट आहेत, ज्यांच्या दुकानातून आणल्या त्यांच्यासारख्याच.” सगळे हसले. मी हसले नाही, पण हसल्यासारखे ओठ हलवले. मला तेवढे जमते. पलीकडच्या मोहल्ल्यातही काही वेगळे नव्हते. तिथल्या मुलांनी पांढऱ्या संगणकांना ‘शाकाहारी’ म्हणायला सुरुवात केली होती. “वो शाकाहारी है, जड काम दिलं का लगेच चक्कर येते त्याले,” असे दोघे एकमेकांना सांगत होते आणि मला पाहून गप्प झाले. बुरखा घालून येणारी एक हुशार मुलगी पूर्वेच्या भिंतीला जागा असतानाही पश्चिमेचा संगणक मोकळा होण्याची वाट पाहत उभी राहायची. मी तिला विचारले नाही.

हे कक्षापुरते राहिले असते तर मी विसरलेही असते. पण शहरात लॅपटॉप घेण्याचे दिवस आले होते आणि आमची मुले घरी जाऊन सांगत. धान्याचा व्यापार करणारे एक पालक मुलीसाठी सल्ला विचारायला माझ्याकडे आले. मी भाईंकडून ऐकलेले चार मुद्दे सांगितले आणि काळ्या कंपनीचे नाव घेतले. ते खुर्चीत मागे सरकले.

“तो नको मॅडम. तो त्यांचा आहे.”

“कोणाचा?”

“आता तुम्हाले काय सांगाचं. ज्याचा त्याले शोभते.”

मी म्हणू शकले असते की दोन्ही कंपन्या परदेशातल्या आहेत आणि त्यांना खामगाव कुठे आहे हेही ठाऊक नाही. मी म्हटले, “बरं, जशी तुमची इच्छा.”

इथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगावी लागते. माझे यजमान मी चाळिशीची असताना गेले. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शिक्षकांच्या खोलीत हळदीकुंकू झाले. एक बाई करंडा घेऊन ओळीने येत होत्या. माझ्यापाशी आल्या तशी त्यांची पावले जरा जलद झाली आणि करंडा माझ्या शेजारणीपुढे गेला. नंतर त्यांनी मला एकटीला गाठून सांगितले, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हो.” मी म्हटले, “बरंच केलंत.” आणि दर वर्षी मी तसेच म्हणत राहिले. मला कोणी विचारले असते तर मी कुंकू लावून घेतले असते की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. विचारले मात्र कोणी नाही. न विचारता वगळणे यालाच माया म्हणतात, असे मी शिकले. जे शिकले ते मी पुढे दिले.

दुसरी खंडेनवमी आली. त्याआधीच्या महिन्यात शहरात मिरवणुकीवरून काही बोलाचाली झाल्या होत्या. फार काही नाही, दोन दिवस बाजार लवकर बंद झाला. पण हवा तशी होती. मामा तबक घेऊन आले, पूर्वेची भिंत झाली आणि ते पश्चिमेकडे वळले. भाई खोलीत नव्हते. मी मामांना हळूच म्हटले, “मामा, त्या बाजूच्यांना राहू द्या.”

“काऊन मॅडम?”

“राहू द्या. भाईंचं टेबल आहे तिथे. उगीच त्यांना अवघड वाटायला नको.”

मामा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. “तुम्ही म्हनता तं राह्यलं,” ते म्हणाले आणि तबक खाली ठेवले.

तेवढ्यात भाई आले. कार्यालयातून रद्दी आणायला गेले होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे कागद होते, कळफलक झाकण्यासाठी, एकसारखे कापलेले. पूर्वेचे पंधरा कळफलक त्यांनी सकाळीच झाकले होते. हे पश्चिमेचे होते. त्यांनी मामांचे खाली ठेवलेले तबक पाहिले, पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिले. पत्र्याचा डबा टेबलावर उघडा होता. त्याच्या झाकणावर गेल्या वर्षीचे बोट अजून पुसटसे दिसत होते. मामांनी तो डबाही वगळला होता. भाईंनी कागदांची एक घडी केली, मग दुसरी, आणि ती खणात ठेवली. मी स्वतःवर खूश होते. आपण एका माणसाचा संकोच वाचवला, असे मला वाटले.

त्यानंतर ‘बिनकुंकवाच्या’ हा शब्द विनोदाचा राहिला नाही. आधी ती केवळ उशिरा आलेली यंत्रे होती. आता ती ठरवून वगळलेली झाली. कोणी तरी सांगितले की भाईंनीच मामांना हात लावू दिला नाही. कोणी सांगितले, मला ठाऊक नाही. ते मी तेव्हा खोडून काढायला हवे होते. त्या वेळी मला ते क्षुल्लक वाटले, आणि क्षुल्लक गोष्टींसाठी तोंड उघडण्याची मला सवय नव्हती.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेच्या दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि परत आली तेव्हा पूर्वेच्या भिंतीतून जळका वास आला. एकेक पडदा काळा झाला. पंधरांपैकी नऊ पांढरे संगणक गेले ते गेलेच. पश्चिमेचा एकही बंद पडला नाही. कारण इथेही साधेच होते : पूर्वेची वायरिंग ती खोली अडगळीची होती तेव्हाची होती. ती बदलावी म्हणून भाईंनी दोन अर्ज दिले होते. दोन्हींवर मी ‘योग्य कार्यवाहीस्तव सादर’ असे सुवाच्य अक्षरात लिहून ते वर पाठवले होते. ते वरच राहिले.

मुलांची परीक्षा पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पालक आले. फाटकापाशी एक जण मोठ्याने म्हणत होता, “नेमक्या आपल्याच मशीनी कशा मेल्या? अन् त्याईच्या कशा वाचल्या? सांगा ना!” मी खिडकी लावून घेतली. ‘आपल्या’ आणि ‘त्याईच्या’. मशीनी सगळ्या संस्थेच्या होत्या. मुलांच्या शुल्कातून आलेल्या होत्या.

चौकशी समिती नेमली गेली. प्राचार्य आणि दोन प्राध्यापक सभासद; कक्षाची प्रभारी म्हणून मला उपस्थित राहायचे होते. भाईंना समोर बसवले. त्यांनी सोबत अर्जांच्या प्रती आणल्या होत्या. तापट यंत्रांचा विनोद करणारे प्राध्यापकच जास्त बोलत होते.

“वायरिंगचं पाहू आपण नंतर. मले आधी हे सांगा, पूजेच्या दिवशी त्या पंधरा मशीनीले कुंकू लावू नका असं तुम्ही म्हटलं होतं का?”

“नाही सर.”

“मंग कोनं म्हटलं? मामा काय आपल्या मनानं सोडन का?”

भाईंनी समोरच्या अर्जांच्या प्रती सरळ करून ठेवल्या.

“हे पहा, राग मानू नका. पन जो माणूस मशीनीतही आपल्या अन् परक्या करते, तो काळजी कोनाची घेईन, हे आम्हाले पाहावं लागते ना. सांगा, कोनं म्हटलं?”

तेव्हा भाईंनी माझ्याकडे पाहिले. एकदाच. त्यात विनवणी नव्हती, रागही नव्हता. वर्गात उत्तर ठाऊक असलेल्या मुलाकडे शिक्षक पाहतात, तसे. माझ्या तोंडात वाक्य तयार होते : ‘मी म्हटलं होतं.’ तीन शब्द. मी समोरच्या कागदावर दिनांक लिहिला. त्याखाली रेघ ओढली. लाजाळूपणा हा दोष आहे असे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. लहानपणापासून सगळ्यांनी त्याचे कौतुकच केले होते.

“मला माहीत नाही सर,” भाई म्हणाले.

बाहेर आल्यावर मामा व्हरांड्यात उभे होते. त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “मॅडम, तुम्हीच तं सांगतलं होतं ना मले. मी जाऊन सांगू का? मले बोलावलंच नाही त्याईनं.”

“नको मामा. मी लिहून देते. लेखी दिलेलं बरं.”

“लवकर द्या मंग.”

लेखी दिलेले बरे, हे मी मनापासून म्हटले होते. त्याच संध्याकाळी घरी बसून मी अर्ज लिहिला. पहिली ओळ अशी होती : ‘काळ्या संगणकांना कुंकू लावू नये असे शिपायांना मी सांगितले होते.’ वाचून पाहिले तर ती फार उघडी वाटली. हेतू सांगायला हवा, नाही तर गैरसमज होईल. म्हणून आधी हेतूचा परिच्छेद घातला. मग त्याच्या आधी पार्श्वभूमी आली. दुसऱ्या खर्ड्यात माझी कबुली दुसऱ्या पानावर गेली. तिसऱ्यात ती ‘सदर सूचना सद्हेतूने देण्यात आली होती’ अशी झाली. देणारी कोण, ते वाचणाऱ्याने ओळखावे. मला तो खर्डा आवडला. पण ‘सद्हेतू’ शब्दाची जोडणी बरोबर आहे की नाही याची शंका आली आणि तो कोशात पाहायचा म्हणून कागद बॅगेत ठेवला. मध्ये पुस्तकांची वार्षिक मोजणी आली. मग परीक्षा. मग सुट्टी. मामा भेटले की भुवया उंचावून विचारत आणि मी मान हलवून ‘होतंय’ असे सुचवत असे.

जूनमध्ये सगळ्या कंत्राटी लोकांना पत्रे आली. भाईंना आले नाही. ते येऊन पत्र्याचा डबा घेऊन गेले. मी रजेवर होते. कक्षाची किल्ली त्यांनी पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवली होती. पाकिटावर ‘मॅडम’ एवढेच लिहिलेले. त्याच सुट्टीत पूर्वेच्या भिंतीची वायरिंग नवी झाली.

माझी निवृत्ती होऊन काही वर्षे झाली. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. प्राचार्य मुलाकडे परगावी स्थायिक झाले. मागच्या महिन्यात माझा लॅपटॉप बिघडला. पुतण्याने निवडून दिलेला, पांढऱ्या कंपनीचा. मुख्य रस्त्यावरचे दुकान आता मोबाईलचे झाले आहे. तिथल्या माणसाने मला मशिदीच्या बाजूला जायला सांगितले. “जुनं दुकान आहे मॅडम. सगळ्या कंपनीचं करतात ते, लोक उगीच म्हणतात.”

दुकानाच्या मागच्या भागात, दिव्याखाली वाकून, भाई बसले होते. केस पिकले होते. हातात तोच पत्र्याचा डबा, रंग उडालेला. मला पाहून ते उठून उभे राहिले.

“या मॅडम. बसा.”

त्यांनी लॅपटॉप उघडला. मी आतला पंखा, धूळ, त्यांची बोटे पाहत राहिले. काही तरी बोलायला हवे होते.

“इथेच असता का आता?”

“हाव. दुसरीकडं पाहून झालं. दोन कॉलेजात इंटरव्ह्यू दिला, तं म्हनले, ‘तुम्ही त्या कंपनीवाल्याकडं काऊन जात नाही, तिथं तुमचं जमन.’” ते धूळ फुंकत म्हणाले. “तं आलो इकडं. जमलं.”

मी विचारले, “त्या दिवशी तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?”

त्यांनी मान वर केली नाही. “नाव कायले घेऊ मॅडम? तुम्ही तं तिथंच बसल्या होत्या.”

त्यांनी पंखा परत जागेवर बसवला. मग मी म्हटले, “मला वाटलं होतं, तुम्हाला अवघड होईल. त्या कुंकवाचं.”

“मले चाललं असतं का नसतं चाललं, ते सोडा. गावात दोन्ही बोलणारे होते, इकडले बी अन् तिकडले बी. पन इचारलं असतं तं मी सांगतलं असतं.” त्यांनी एक बारीक स्क्रू चुंबकाच्या टोकाने उचलला. “तीस कागद कापले होते मी मॅडम. एका मापाचे.”

“मी पाहिले होते.”

“मले माहीत आहे.”

लॅपटॉप सुरू झाला. निघताना त्यांनी संकोचून एक गोष्ट सांगितली; मागितली असे म्हणता येणार नाही. शेगावला एका प्रशिक्षण केंद्रात शिकवण्याची जागा आहे. कायमची. त्यांना महाविद्यालयाचे अनुभवाचे प्रमाणपत्र हवे, संस्थेच्या छापील कागदावर. ते दोनदा जाऊन आले. कार्यालयाने सांगितले, तुमच्या फाईलमध्ये चौकशीचा शेरा आहे : ‘यंत्रसामग्रीच्या देखभालीत भेदभाव केल्याचा संशय.’ तो शेरा असेपर्यंत प्रमाणपत्र निघत नाही. अर्जाची मुदत या महिनाअखेरीस संपते.

“तुमची ओळख असन तं पाहा. नसन तं राहू द्या.”

त्याच दिवशी घरी येऊन मी अर्ज लिहिला. या वेळी कोश उघडला नाही. पाच ओळी. पहिली ओळ, पहिल्या खर्ड्यातलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाविद्यालयात गेले. नवे प्राचार्य तरुण आहेत, कधी काळचे माझ्या ग्रंथालयातले वाचक. त्यांनी चहा मागवला, पत्र दोनदा वाचले आणि माझ्यापुढे परत ठेवले.

“मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हा शेरा त्या वेळच्या समितीचा आहे. समितीच्या इतिवृत्तात तुमची उपस्थिती आहे, सही आहे, आणि तुम्ही काही बोललात अशी नोंद नाही. आता आम्ही ते कशाच्या आधारावर बदलायचं? ज्यांनी लिहिलं त्यांनीच बदलावं लागेल.”

“ते तिघेही आता नोकरीत नाहीत.”

“तेच तर.”

आवकच्या खिडकीवर मी पत्र देऊ केले. लिपिक बाईंनी माझ्याकडे कणवेने पाहिले. “ताई, कायले जुनं उकरता? साहेबांनी वापस केलेलं मी कसं घेऊ?”

विनोद करणारे प्राध्यापक अजून खामगावातच राहतात. त्यांच्याकडेही गेले. त्यांनी प्रेमाने बसवले, आणि मी बोलू लागताच म्हणाले, “अहो, ते काळ्या-पांढऱ्या मशीनीचं होय? गंमत होती ती! तुम्ही अजून ते घेऊन बसल्या?” त्यांना खरोखर वाईट वाटले, माझ्यासाठी.

परतताना संगणक कक्षाकडून आले. आता तिथे सगळे संगणक एकाच कंपनीचे आहेत, करड्या रंगाचे. कोपऱ्यात अजून एक जुना पांढरा पडदा ठेवलेला आहे, अडगळ म्हणून. त्याच्यावरचे स्वस्तिक कोणी पुसलेले नाही. भाईंनी पुसणार नाही म्हटले होते, आणि पुसले नाही.

महिना संपायला सहा दिवस आहेत. पत्र माझ्या पर्समध्ये आहे. त्यात एकही शब्द आता बदलण्यासारखा नाही. प्रशिक्षण केंद्राला माझे वैयक्तिक पत्र चालत नाही, संस्थेला ते नको आहे, मामा नाहीत, आणि भाईंना ते मी दाखवू शकत नाही. त्यांना त्यातले सगळे आधीपासूनच माहीत आहे. मी आयुष्यभर वाचकांच्या हाती पुस्तके दिली आणि त्यांना कधी काही विचारले नाही. आज विचारते : हे पत्र मी आता कोणाच्या हाती देऊ?